गैरीबासचा मुक्काम

दुर्गापूजेला पंधरा दिवस असताना वृंदाने जेवणाच्या टेबलावर विषय काढला. कॉलेजातली सहा मुलंमुली आणि प्राध्यापक लाहिरी पतिपत्नी अशी आठ जणं दिवाळीनंतरच्या एका जोडून आलेल्या सुट्टीत दार्जिलिंगच्या बाजूच्या डोंगरात जाणार होती. शुक्रवारी संध्याकाळी सियालदहहून दार्जिलिंग मेल, शनिवारी पायथ्याचं मानेभंज्यांग गाव, तिथून दोन लँडरोव्हर जीपगाड्या. पुढचा रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे. वर तंबूत दोन मुक्काम, जमलं तर संदकफूच्या माथ्यावरून कांचनजंगा पाहायची आणि मंगळवारी सकाळी घरी. वृंदाने हे सगळं ताटातल्या भाताशी चाळा करत एका दमात सांगितलं.

मंदाकिनीबाई आमटीचा डाव हातात धरून नवऱ्याकडे बघत राहिल्या. पाण्याचा घोट घेऊन भालचंद्र खांबेट्यांनी विचारलं, "पाण्याचं काय?"

"म्हणजे?"

"वर पाणी कुठे मिळतं? आठ माणसं, दोन दिवस. मुक्काम पाण्यावरून ठरवायचा असतो, देखाव्यावरून नाही."

वृंदाने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "विचारून सांगते."

खांबेटे कस्टम्समध्ये अप्रेझर होते. खिदिरपूरच्या गोदीत उतरणाऱ्या मालाची पेटी उघडायची, आत कागदावर लिहिलंय तेच आहे का हे पाहायचं आणि त्याची किंमत ठरवायची, हे त्यांचं काम. चौसष्ट साली मुंबईहून बदली होऊन ते कलकत्त्याला आले तेव्हा वृंदा अकरा वर्षांची होती. आता ती वीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. घरात मराठी बोलायची, पण बाहेरून आल्यावर पहिली दहा मिनिटं तोंडात बंगालीच असायचं, आणि मराठीतल्या तो-ती-तेचा गोंधळ तर कायमचाच. बापलेकींचं भांडण कधी नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. 'जेवलीस का', 'फी भरली का' इतक्यावर संभाषण संपायचं.

पण डोंगर हा खांबेट्यांचा विषय होता. ते मूळचे संगमनेरचे. नोकरी लागायच्या आधी पाच-सहा वर्षं त्यांनी अकोले तालुक्यातले गड धाकट्या भावाबरोबर पायांखाली घातले होते. कधी एका कांबळ्यात दोघं, कधी पावसात गुहेत तीन दिवस अडकलेले. लग्नानंतर ते सगळं सुटलं. कलकत्त्याला तर डोंगर पाहायलाही एक रात्र गाडीत काढावी लागे.

त्यांनी एकच अट घातली. प्राध्यापकांशी त्यांना बोलायचं होतं. वृंदा म्हणाली, लाहिरीसर कॉलेजनंतर शिकवण्या करतात, घरी फोन नाही, तुम्ही चिठ्ठी द्या, मी पोचवते. खांबेट्यांनी त्याच संध्याकाळी ऑफिसच्या सुबक इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं. पाणी, तंबूंची संख्या, मुलींची झोपायची व्यवस्था, उंचीमुळे कुणाला त्रास झाला तर खाली आणायची सोय, लँडरोव्हरचा ड्रायव्हर वर थांबणार की सोडून परत येणार. एकूण नऊ प्रश्न होते.

तीन दिवसांनी उत्तर आलं. बारीक, सरळ अक्षरात चार पानं. नऊच्या नऊ प्रश्नांची उत्तरं आकडे घालून दिली होती. कालापोखरीच्या तळ्याचं पाणी काळं असतं, ते कुणी पीत नाही. म्हणून पहिला मुक्काम गैरीबासला, तिथे वारा कमी आणि जवळ वाहता झरा. ड्रायव्हर वरच थांबेल, कारण त्या चढावर रिकामी गाडी खाली नेणं भरलेल्या गाडीपेक्षा अवघड असतं. शेवटी लिहिलं होतं, 'आपण विचारलेल्या प्रश्नांवरून आपण स्वतः डोंगरात राहिलेले दिसता. गैरीबासला जागा उतरती आहे. तंबू एका रांगेत लावावेत की तोंडं समोरासमोर करून? आपलं मत कळवाल का?'

खांबेट्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून मंदाकिनीबाईंना म्हणाले, "माणूस जाणकार आहे. उगीच पोरांना घेऊन भटकणारा नाही."

"मग झालं तर," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

तिथून पुढचे दोन महिने त्या घरात वेगळेच गेले. खांबेटे गोदीतून यायचे, हातपाय धुवायचे आणि चहाचा कप घेऊन टेबलाशी बसायचे. वृंदा समोर. मध्ये एक मोठा ड्रॉइंगचा कागद. त्यावर ते मानेभंज्यांगपासून वरपर्यंतचा रस्ता पेन्सिलीने काढत होते. लाहिरींच्या पत्रातून जे कळेल ते रोज त्यात भरत. कुठे वळण, कुठे झरा, कुठे गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी लागते. खुणा करायचं काम वृंदाचं. पत्रं येत-जात राहिली. एकदा लाहिरींनी तंबूभोवती चर किती खोल खणावा हे विचारलं, त्यावर खांबेट्यांनी आकृती काढून पाठवली. एकदा त्यांनी सुकी लाकडं कशी राखावीत हे विचारलं. खांबेट्यांनी गुहेतल्या त्या तीन दिवसांची हकिकत लिहिली. आजवर ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. उत्तरात लाहिरींनी, आपल्याला दार्जिलिंगला शिकताना एकदा बर्फात कसा रस्ता चुकला आणि भीतीने कसं रडू आलं, ते लिहिलं. प्राध्यापकाने असं मोकळेपणाने लिहावं याचं खांबेट्यांना फार बरं वाटलं.

लाहिरींची भेट मात्र जमत नव्हती. कधी पेपर तपासायचे असत, कधी सासूबाई आजारी. खांबेट्यांना त्यात वावगं वाटलं नाही. कलकत्त्यात त्या दिवसांत कुणाचीच भेट ठरल्या वेळी होत नसे.

तंबू श्यामराव किरकिऱ्यांनी दिला. श्यामरावांचं घराणं तीन पिढ्यांपासून कलकत्त्यात. एका शाळेत शिकवायचे आणि तिथलं बालवीरांचं पथक बघायचे. दर रविवारी सकाळी खांबेटे आणि वृंदा घरमालकाच्या गच्चीवर तो तंबू उभा करायचे. खुंट्या ठोकायला माती नव्हती म्हणून दोऱ्या कठड्याच्या गजांना बांधायच्या. खांबेटे घड्याळ लावून बसत. पहिल्या रविवारी चाळीस मिनिटं लागली, चौथ्या रविवारी अकरा.

"बाबा, हा गाठ सुटत नाही," वृंदा म्हणायची.

"ही गाठ. आणि ती सुटू नये म्हणूनच मारलीय. इकडून ढकल. बघ."

गाठ सुटली की ती लहान मुलीसारखी हसायची. एकदा तंबू उभा झाल्यावर दोघं आत जाऊन बसली. कापडातून पिवळा उजेड येत होता. खालच्या गल्लीत मासेवाला ओरडत होता. वृंदा गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसली आणि म्हणाली, "बाबा, जयंतदादाच्या लग्नाला तुम्ही का नाही गेलात?"

जयंत म्हणजे त्याच धाकट्या भावाचा मुलगा. चार वर्षांपूर्वी पुण्यात त्याने परजातीतल्या मुलीशी लग्न केलं होतं.

"त्याने विचारलं नव्हतं. कळवलं होतं," खांबेटे म्हणाले.

वृंदा काहीतरी बोलणार होती. पण खांबेट्यांनी मागची दोरी ढिली पडलेली पाहिली आणि ते उठून बाहेर गेले.

ऑक्टोबरच्या शेवटी आलेल्या एका पत्रात लाहिरींनी लिहिलं, 'तुमच्यासारखं माणूस बरोबर असतं तर किती बरं झालं असतं.' खांबेट्यांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि थोडं हसून, थोडं खरंच, म्हणाले, "येऊ का मीही? रजा शिल्लक आहे."

वृंदाचा चेहरा उतरला. मंदाकिनीबाई आतून म्हणाल्या, "पोरांच्यात तुम्ही कशाला? त्यांना मोकळेपणा वाटायचा नाही. आणि तुमचा गुडघा?"

"हो, तेही खरंच," खांबेटे म्हणाले आणि पत्राची घडी घातली.

जायच्या दिवशी, शुक्रवारी, त्यांना गोदीत लवकर हजर व्हायचं होतं. सकाळी सातलाच त्यांनी वृंदाची बांधाबांध एकदा नजरेखालून घातली. नवे बूट, दोन स्वेटर, लोकरीचे मोजे, तंबूचं गाठोडं, स्टोव्हच्या पिना. ती पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वर गेल्यावर घाई करू नकोस. दम लागला तर लाज न वाटता बसायचं."

वृंदाने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. खांबेट्यांना वाटलं, पहिल्यांदाच एकटी चाललीय.

दुपारी तीनच्या सुमारास गोदीत वादळाच्या इशाऱ्याचा बावटा वर चढला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा होता. एका जहाजावरचा अधिकारी, वीस वर्षं या किनाऱ्यावर काढलेला, खांबेट्यांना म्हणाला की वादळ इथे येणार नाही, पण रविवारपर्यंत उत्तरेकडच्या डोंगरात पाऊस आणि वर बर्फ नक्की पडेल. खांबेट्यांच्या डोळ्यांसमोर त्या पेन्सिलीच्या नकाशातला गैरीबासच्या पुढचा चढ आला. ओल्या दगडांवर लँडरोव्हर घसरली तर बाजूला सरळ दरी. लाहिरींना सांगायला हवं की रविवारी गैरीबासच्या वर जाऊ नका, दोन्ही मुक्काम तिथेच करा. शिवाय या निमित्ताने गाडी सुटताना का होईना, त्या माणसाला एकदा पाहता येईल, असंही मनात आलंच.

साहेबांना सांगून ते साडेपाचला निघाले. वाटेत मिरवणूक आडवी आली, टॅक्सी अर्धा तास एका जागी उभी राहिली. शेवटचा पल्ला ते पायी धावत आले. सियालदहला नेहमीसारखी रेटारेटी होती. बाहेरगावच्या लोकलमधून माणसं उतरत होती, घाऊक बाजारातल्या भाजीच्या रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका परत चालल्या होत्या. दार्जिलिंग मेल फलाटाला लागलेली होती. सुटायला वीस मिनिटं.

त्यांनी डब्यांवर चिकटवलेल्या याद्या पाहायला सुरुवात केली. लाहिरी. खांबेटे. पहिल्या डब्यात नाहीत, दुसऱ्यात नाहीत. चष्म्यावर घाम येत होता, तो पुसत त्यांनी सगळ्या याद्या बघितल्या. मग उलट दिशेने येत खिडक्यांतून आत डोकावत, "वृंदा, वृंदा" अशा हाका मारल्या. तिकीट तपासनिसाला विचारलं. त्याने आपल्या कागदांवरून बोट फिरवलं आणि बंगालीत सांगितलं की आठ जणांचा कुठलाच गट या गाडीला नाही, कॉलेजचा तर नाहीच.

गाडी सुटली. खांबेटे फलाटावर उभे राहिले. त्यांना पहिली शंका आली ती अपघाताची. कुठल्यातरी टॅक्सीला काहीतरी झालं. दुसरी शंका आलीच नाही. पेटीत कागदावर लिहिलंय तेच आहे का हे पाहण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या माणसाच्या मनात ती दुसरी शंका सियालदहपासून घरापर्यंत एकदाही आली नाही.

घरी पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते. मंदाकिनीबाई पुढच्या खोलीत बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्र होतं, पण त्या वाचत नव्हत्या.

"मुलं गाडीवर नव्हती," खांबेटे दारातूनच म्हणाले. "सगळे डबे पाहिले. काहीतरी झालंय. मी आधी प्रिन्सिपॉलच्या घरी जातो, लाहिरींचा पत्ता घेतो. नाहीतर पोलिसात..."

"तुम्ही स्टेशनवर गेला होतात?"

"अगं, वादळ येतंय, ते सांगायला. तू ऊठ. वृंदाच्या त्या मैत्रिणीचा पत्ता आहे ना तुझ्याकडे?"

"पोलिसात जाऊ नका," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ती सुखरूप आहे."

"निरोप आला?"

"बसा जरा."

"आधी सांग, निरोप कुणी दिला?"

मंदाकिनीबाईंनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "तिचं लग्न झालं आज. तीन वाजता, रजिस्ट्रारसमोर. मुलाचं नाव बिमल सान्याल. बजबजला तेलाच्या डेपोत, प्रयोगशाळेत आहे. तिच्या मैत्रिणीचा भाऊ. मुलगा चांगला आहे हो, मी पाहिलाय."

खांबेटे खुर्चीची पाठ धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "तुला हे केव्हा कळलं?"

"पूजेच्या आधी."

"म्हणजे तिने ट्रिपचं सांगितलं त्याच्याही आधी?"

"हो."

"आज तीन वाजता तू कुठे होतीस?"

मंदाकिनीबाईंनी मान वर केली नाही. "साक्षीदार लागतात. मी सही केली. पाचला घरी आले."

त्यांच्या अंगावर रोजची सुती साडी होती. पण केसांत गजरा होता. तो काढायला त्या विसरल्या होत्या. खांबेट्यांनी तो पाहिला आणि ते खुर्चीत बसले.

"आणि लाहिरी?"

"त्या नावाचे एक सर आहेत कॉलेजात. बंगाली शिकवतात. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. पत्रं बिमल लिहायचा. त्याने डोंगरावरचं शिक्षण घेतलंय. दोनदा जाऊन आलाय त्या रस्त्याने."

रस्त्यावरून ट्राम घरघरत गेली.

"रजिस्ट्रारकडे महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते," खांबेटे म्हणाले. बोलणं ऑफिसातल्यासारखं, एकेक कागद पुढे सरकवल्यासारखं होतं. "तेवढा वेळ हवा होता. तिचं सामान घरातून बाहेर पडायला हवं होतं. तीन दिवस कुणी शोधायला नको होतं. बरोबर?"

"हो."

"मग पुरीला जाते म्हणून सांगायचं. दिघ्याला जाते म्हणायचं. डोंगर कुणी काढला?"

मंदाकिनीबाई वर्तमानपत्राची घडी पुन्हा सारखी करू लागल्या.

"वृंदाला डोंगरातलं काही कळत नव्हतं. त्या मुलाला मी कोण हे माहीत नव्हतं. डोंगर कुणाच्या डोक्यातून आला, मंदा?"

"माझ्या," त्या म्हणाल्या. "पुरीला तुम्ही पाठवलं नसतंत. शंभर चौकश्या केल्या असत्यात. डोंगराचं नाव काढलं की तुम्ही विरघळाल, हे मला माहीत होतं."

"मला विचारलं का नाही?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"ते तू कशावरून ठरवलंस?"

आता मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "जयंताने तुम्हाला विचारलं होतं. दोन पत्रं लिहिली होती, आधी. 'काका, तुम्ही या, तुमच्याशिवाय बाबा मानणार नाहीत.' तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाहीत. लग्न झाल्यावर आलेलं कार्ड मात्र कपाटात जपून ठेवलंत, सगळ्यांना दाखवायला, की मला नुसतं कळवलं. तो मुलगा अजून तुमचं नाव काढत नाही. माझ्या पोरीचं मला तसं होऊ द्यायचं नव्हतं."

ते खरं होतं. आपण नाही म्हणालो असतो की नसतो, हे त्यांनी त्या वेळी स्वतःला विचारून पाहिलं, आणि कितीही प्रामाणिकपणे विचारलं तरी ते त्यांना सांगता येईना. कदाचित आधी नाही म्हणालो असतो. मग गच्चीवर, तंबूत, तिने पुन्हा विचारलं असतं तर? ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"मला नाही म्हणायचा तरी हक्क होता," ते म्हणाले. "तू दोन महिने रोज समोर बसून बघत होतीस. मी कागदावर झरे काढतोय, वळणं काढतोय. चहा आणून देत होतीस."

"तुम्ही इतके आनंदात होतात," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. "मला सांगवेना."

खांबेटे उठले, बूट काढले, हातपाय धुतले. त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

शनिवारी ते गोदीत गेले. श्यामराव किरकिरे सोमवारी संध्याकाळी सहज डोकावले आणि म्हणाले, "काय, पोरगी उद्या येतेय ना? वर बर्फ पडलं म्हणे. मजा आली असेल." खांबेटे म्हणाले, "हो, मजा आली असेल." मग श्यामराव अर्धा तास बसून थंडीबद्दल, तंबूबद्दल बोलत राहिले आणि खांबेटे प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत राहिले. ते गेल्यावर खांबेट्यांच्या लक्षात आलं की आपणही किती सहज खोटं बोलू शकतो. मंदाकिनीबाई आतल्या खोलीत सगळं ऐकत होत्या. शुक्रवारपासून त्या दोघांत कामापुरतंही बोलणं झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहाला दोघं आली. वृंदाच्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या, भांगात शेंदूर. बरोबरचा मुलगा उंच, सावळा, चष्मेवाला. तंबूचं गाठोडं त्याच्या खांद्यावर होतं. दोघं पाया पडली. खांबेट्यांनी पाय मागे घेतले नाहीत. मग म्हणाले, "बसा. चहा घ्या."

बिमल हिंदीत बोलू लागला. त्याने आधीच पाठ करून आणलं असावं. आपली चूक झाली, आपण कुठलीही शिक्षा भोगायला तयार आहोत. खांबेट्यांनी त्याला मध्येच थांबवलं.

"गैरीबासचा झरा," त्यांनी विचारलं, "तो खरा आहे?"

"आहे, सर. पत्रात मी जे लिहिलं ते सगळं खरं आहे. फक्त नाव माझं नव्हतं."

"बर्फात रस्ता चुकला होता ते?"

"तेही खरं. मी ते आधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही गुहेचं लिहिलंत म्हणून लिहिलं." त्याने हातातला कप खाली ठेवला. "चार वेळा मी खरं नाव घालून पत्र लिहिलं आणि फाडलं. एप्रिलमध्ये आपण सगळे जाऊ या, सर. खरंच जाऊ या. गाडीची सोय मी करतो."

खांबेट्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हाच तो माणूस होता. आवडावा असाच होता, आणि वेगळ्या रीतीने समोर आला असता तर त्याच्याबरोबर ते त्या चढावर आनंदाने गेले असते. तेच त्यांना सहन होईना.

"नाही," ते म्हणाले. "मी नाही येणार."

वृंदा त्यांच्या खुर्चीजवळ येऊन खाली बसली. "बाबा, त्या संध्याकाळी खोट्या नव्हत्या. मला खरंच आवडायचा. तंबू, गाठी, सगळा." मराठी आणखीच बिघडली होती. "मी रोज ठरवायची, आज सांगते."

"तुला त्या खोट्या वाटल्या नसतील," खांबेटे म्हणाले. "तुला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. मी एकटाच डोंगरावर चाललो होतो."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तिला दूरही केलं नाही. चहा संपल्यावर दोघं गेली. मंदाकिनीबाई त्यांना खालपर्यंत सोडून आल्या.

डिसेंबरात खांबेट्यांनी बदलीचा अर्ज दिला. नऊ वर्षांत त्यांनी दोन बदल्या टाळल्या होत्या, आता आपणहून मागितली. मे महिन्यात मुंबईचा हुकूम आला. मधल्या काळात ते एकदा बजबजला जाऊन आले. डेपोच्या वसाहतीतलं लहानसं घर, मागे नदी. वृंदाने आईला विचारून पुरणपोळी केली होती. ती जरा कडक झाली होती, पण त्यांनी दोन खाल्ल्या. बिमलने डोंगराचा विषय काढला नाही. निघताना खांबेट्यांनी त्याला, नदीकाठच्या घरात ओल येते, धान्य वर ठेवत जा, असं सांगितलं. लेकीशी त्यांचं बोलणं पुन्हा पूर्वीसारखं झालं. जेवलीस का, बरी आहेस का. यापुढे ते इतकंच राहील हे दोघांनाही समजलं होतं.

मंदाकिनीबाईंशी ते बोलू लागले होते. घर चालायला जेवढं लागतं तेवढं. ओरडले नाहीत, टोचून बोलले नाहीत, माहेरी जा म्हणाले नाहीत. मंदाकिनीबाईंनी एकदा विचारलं होतं, "मला माफ नाही का करायचं?" आणि खांबेट्यांनी विचार करून सांगितलं होतं, "माफ केलंय. पण तू काही सांगितलंस की आधी मला वाटतं, हे खरं असेल का. ते मी मुद्दाम करत नाही."

त्यानंतर मंदाकिनीबाईंना एक सवय लागली. कुठे जाऊन आल्या की त्या आपणहून सगळं सांगायच्या. लेक मार्केटला गेले, तिथे शेजारच्या शैलाताई भेटल्या, त्यांच्याबरोबर देवळात गेले, देवळात अमक्या बाई होत्या. बोलता बोलता पिशवीतून प्रसादाचा पुडा काढून टेबलावर ठेवायच्या.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी त्या शेजारपाजारच्या बायकांचा निरोप घ्यायला गेल्या आणि तासाभराचं सांगून अडीच तासांनी आल्या. खांबेटे ट्रंकेला पट्टे आवळत बसले होते. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. मंदाकिनीबाईंच्या मागोमाग शैलाताई आत आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि ओशाळं हसत म्हणाल्या, "भावजी, ह्या माझ्याकडेच होत्या हं. मीच बसवून घेतलं त्यांना."

"बसा ना," खांबेटे म्हणाले.

"नाही, निघते. ह्या म्हणाल्या, तेवढं सांगून जा, म्हणून आले."

शैलाताई गेल्या. मंदाकिनीबाई पदराने तोंड पुसत खिडकीशी उभ्या राहिल्या. खांबेट्यांना म्हणावंसं वाटलं की याची गरज नव्हती, तू उशीर केलास तर केलास. ते शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आले होते. पण शैलाताई दारात आल्या तेव्हा आपल्याला हायसं वाटलं होतं, हे त्यांना माहीत होतं. ते खाली वाकले आणि ट्रंकेचा दुसरा पट्टा आवळू लागले.